उणे चाळीस

मी मोनाली. जळगावच्या पिंप्राळ्यात माझं गाड्यांचं गॅरेज आहे, आणि तिथे मी कोणाचं ऐकत नाही. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तर मुळीच नाही.

मे महिन्यातली दुपार. धुळ्याला डिंपलच्या, माझ्या बहिणीच्या, लेकीचं बारसं होतं. आबा स्वतः गाडी चालवणार. आई ठेवणीतली साडी नेसून मागे बसलेली.

"गाडी मस्त शे," आबा चाकांकडे बोट दाखवत म्हणाले. "नुसती हवा दखी दे."

पण इंजिन थंड करणारा पंखा भणभणत होता, थांबायचं नावच घेईना. मी स्कॅनर लावला. बोनेटला हात लावला तर चटका बसला, आणि पडद्यावर इंजिनचं तापमान उणे चाळीस! अगं बाई, जळगावात? स्कॅनरच बिघडला म्हणून दुसऱ्या गाडीला लावून पाहिला, तर तिथे ठणठणीत. मग वाकून बघितलं. तापमान सांगणाऱ्या सेन्सरची पिन उपसून वायर चिकटपट्टीने बांधून ठेवलेली. हा जोड तुटला की स्कॅनर उणे चाळीस दाखवतो आणि पंखा फिरतच राहतो. मीटरवरचा बिघाड सांगणारा पिवळा दिवाही दिसेना, कारण त्यावर आईची मोठी टिकली चिकटवली होती.

"आबा! हा उद्योग कोणाचा?"

"मना," ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "सुई वर गई की तुनी माय घाबरस. आते सुई जागची हालत नही."

"अहो, इंजिन जळून खाक झालं असतं तरी कळलं नसतं तुम्हाला! भर हायवेवर!"

संतापून टिकली खरवडली आणि फडकं शोधायला समोरचा खण उघडला. आत साखर तपासायचं मशीन होतं. आबांचं.

आई पुढे वाकली आणि मशीन बघून आबांना म्हणाली, "दुरुस्तीले दिधं ना हाई?"

आबा रस्त्याकडे बघत राहिले. "आकडा दखीसन तू रडस," एवढंच म्हणाले.

मी मशीन उचललं, त्यांचं बोट धरलं, सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला.

चारशे अठरा.

आई रडली नाही. गाडीतून उतरली, चावी काढून माझ्या हातात दिली आणि दवाखान्यात चल म्हणाली. मग आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"रडसू ना मी, रडू द्या. पन आकडा माले दखाडा."