रिंगण आणि चहाची गाळणी

कंपाउंडरांचा ताप एकशे दोनवरून तासाभरात अठ्ठ्याण्णववर आला, आणि दारात दाटलेल्या अख्ख्या गल्लीने माना डोलावल्या. पुडी शीतल महाराजांची. ताप मोजायचा तो पुडीनंतर तासानेच, ही आज्ञाही त्यांचीच.

खाटेभोवती महाराजांनी खडूने रिंगण आखलं होतं. तीन दिवस ओलांडायचं नाही, नाहीतर ताप नातवावर उलटेल. केमोला दहा दिवस झालेले कंपाउंडर आत कोंडले होते. उशीखालचं दवाखान्याचं कार्ड त्यांनी बायकोला दाखवलं : ताप आला की वाट पाहू नका, तडक या.

"अहो, पण ताप आहे कुठे आता?" बायको म्हणाली. "आणि नातवाला काही झालं म्हणजे?"

"ब्रह्मांडातून गारवा खेचावा लागतो," महाराज म्हणाले. "दर सहा तासांनी एक पुडी."

"आमच्या दवाखान्यातल्या गोळ्यांचंही हेच वेळापत्रक होतं," कंपाउंडर म्हणाले.

"भावजी, जिभेला आवर घाला," मेहुणा पुटपुटला.

संध्याकाळी कंपाउंडरांनी चूळ भरली तर पाणी लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"आजार बाहेर पडतोय," महाराजांनी जाहीर केलं. गल्लीने हात जोडले.

कंपाउंडरांनी नवी पुडी हुंगली. आंबूस वास. झाकण उघडं राहिलेल्या जुन्या गोळ्यांच्या बरणीला येतो तसा. तीस वर्षं गोळ्या कुटलेलं नाक अजून निवृत्त झालेलं नव्हतं.

"सूनबाई, चहाची गाळणी आण."

"चमत्काराला गाळणी लावत नाहीत," महाराज म्हणाले.

"का? अडकतो?"

सुनेने पुडी गाळली. राख खाली गेली. वर पांढरा तुकडा उरला, मधोमध सरळ खाच असलेला.

"ब्रह्मांडातही अर्धी मोडायला खाच पाडून देतात का, महाराज?"

कंपाउंडरांनी तुकडा हुंगून पाहिला. मग म्हणाले, "ही ॲस्पिरिन. ताप दाबते आणि रक्त थांबू देत नाही. केमोने माझं रक्त आधीच दुबळं केलंय. जंतूंशी लढायला पेशी नाहीत, रक्त थांबवायलाही नाहीत. ताप ही आगीची घंटा होती. यांनी घंटेत बोळा कोंबला. आग आत चालूच आहे."

बायकोने नातवाकडे पाहिलं, मग रेघेकडे. ओलं फडकं आणून तिने रिंगण पुसलं.

"उठा. पुडीही घ्या बरोबर, डॉक्टरांना दाखवायला."

महाराजांना त्याच क्षणी दुसरीकडचा गारवा खेचायचं आठवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता जंतूंवरचं औषध शिरेतून सुरू केलं. "आणखी एक रात्र थांबला असतात, तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले. कंपाउंडर अकरा दिवसांनी घरी आले. नातू ठणठणीत आहे.

तेव्हा मंडळी, चमत्काराला नमस्कार जरूर करा, पण गाळून घेऊन. आणि केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला, तर गाडी आधी, नमस्कार नंतर.