होम म्हणजे कोपी

त्र्याण्णव साली पाथर्डीजवळच्या एका शाळेत भागवत गुरुजींनी सातवीला इंग्रजीतल्या ‘होम’चे मराठी अर्थ लिहायला सांगितले. सगळ्यांनी घर, गृह, निवास असं गुमान लिहिलं. सुकन्याने मात्र खाली ‘कोपी’ जोडलं.

गुरुजी तडकले. “ऊसतोडीला गेल्यावर पाचटाची झोपडी बांधता, तिला काय घर म्हणतात?”

“सहा म्हैने आमी तिथंच ऱ्हातो, गुरुजी. माजा जलमबी कोपीतलाच हाय.”

गुरुजी गोंधळले. शब्दकोश चाळला, त्यात कोपी नव्हती. मग शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. सुकन्याचं जन्मस्थळ म्हणून याच गावाचं नाव होतं, त्यांच्याच अक्षरात, कुणालाही न विचारता लिहिलेलं.

त्यांनी लाल पेन उघडलं. चूक तिच्या वहीत काढावी की आपल्या रजिस्टरात, तेच त्यांना उमगेना.