प्रसूतीच्या फोल्डरमधली दुसरी फूटर

मी फूटर बोलतेय. वेबसाइटच्या पानाच्या तळाशी पत्ता आणि फोन नंबर दिसतो ना, तो दाखवणारी, पीएचपी या संगणकभाषेतली इवलीशी फाईल. खरी नव्हे, नक्कल. माझी थोरली बहीण 'सामाईक' फोल्डरमध्ये राहते, मी 'प्रसूती'मध्ये.

वेबसाइट एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची. ती बनवली त्यांच्या धाकट्या भावानं. थोरलीला आणायचं तर प्रसूतीच्या पानात रस्ता लिहिला होता: दोन टिंबं, म्हणजे एक पायरी वर जा, मग सामाईकमध्ये शीर. पान सरळ उघडलं की ती मिळायची. पण मुख्य पानानं तेच पान आपल्या पोटात घेतलं की पीएचपी रस्ता मुख्य पानापासून मोजायचं आणि 'फाईल सापडत नाही' म्हणून हात वर करायचं. भावानं वर जायची टिंबं काढली, तर मुख्य पान चाललं आणि प्रसूतीचं रुसलं. परत घातली, तर मुख्य रुसलं. बिचारा रडकुंडीला आला.

"झालं का रे? पेशंट विचारतायत," ताई म्हणाल्या.

"झालंच, ताई," म्हणत त्यानं थोरलीची नक्कल करून मला इथे आणून टाकलं. दोन्हीकडून चाललं. मग त्याला चटकच लागली. जिथे अडलं तिथे नक्कल.

पुढे दवाखाना नव्या जागेत गेला, नंबर बदलला. भावानं तो थोरलीत बदलला. माझी आठवण कुणाला येणार?

काल दुपारी एका बाईंना दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. नवऱ्यानं प्रसूतीचं पान उघडून माझ्याकडचा नंबर लावला. जुन्या, कुलूपबंद खोलीत फोन नुसता वाजत राहिला. शेवटी शेजारणीनं नवी जागा दाखवली. बाई वाचल्या. बाळ अजून काचेच्या पेटीत आहे, आणि त्याचं काय होईल हे ताईंनाही सांगता येत नाही.

"नंबर बदलला होतास ना?" त्यांनी हळूच विचारलं. भावानं प्रसूतीचं पान उघडून बघितलं. मग शोधता शोधता मी सापडले.

आता त्यानं पानात थोरलीकडच्या रस्त्याच्या आधी __DIR__ लिहिलंय, म्हणजे रस्ता त्या फाईलच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजायचा. एवढ्या एका शब्दाचं काम होतं हो. मला जन्माला घालायची गरजच नव्हती.

तो मला पुसायला निघालाय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण बाबा रे, मला पुसून लगेच उठू नकोस. 'तातडी'च्या फोल्डरमध्ये माझी धाकटी बहीण आहे. तिच्याकडेही तोच जुना नंबर आहे.