दारात अडलेली मोटार

मी एक जुनी मोटार आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडच बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आज पुरी होणार नाही.

मी घडले तेव्हा कारागीर पत्रा हाताने ठोकून त्याला गोलाई आणत. पुढे मला एका डॉक्टरांनी घेतले. आडवेळी कुणी दार ठोठावले की आम्ही दोघे निघत असू. मी त्यांना वाटेत कधी दगा दिला नाही. "ही माझी कंपाउंडर," असे ते कौतुकाने सांगत.

डॉक्टर गेले आणि माझे दिवस फिरले. त्यांच्या मुलाने शेजारी रंगाचे दुकान थाटले. डबे ठेवायला जागा हवी म्हणून त्याने माझ्या गॅरेजच्या दारातच एका बाजूने भिंत बांधली. मी आत उभी आहे हे त्याला ठाऊक होते! ही बाहेर कशी येणार, हा विचार मात्र त्याच्या मनाला शिवला नाही. उंदरांनी माझ्या गाद्यांत संसार मांडले. टायर बसले, ब्रेक गंजून चाके जाम झाली. मी इथे गंजत होते आणि तो पलीकडे गंज रोखणारा रंग विकत होता. मला तळपाय असते, तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

यंदा गॅरेजमागची पाण्याची टाकी झिरपू लागली आणि ओल माझ्या चाकांपर्यंत आली. आणखी काही महिने तशीच राहिले असते, तर माझा तळच गळून पडला असता. हे कळताच डॉक्टरांची मुलगी परगावाहून धावत आली. पण तेवढ्यात या शहाण्याने माझ्या बंपरला साखळी बांधून ट्रकने हिसका दिलाही होता! चाके जागची हलली नाहीत. बंपर वाकला. मी किंचाळले असते, पण माझा हॉर्न केव्हाच मेला होता.

"दादा, थांबव आधी!" ती ओरडली. "चाकं फिरत नाहीयेत, दिसत नाही का? अशी ओढलीस तर तुकडे होतील तिचे!"

तिने जॅक लावून माझे एकेक चाक अलगद उचलले आणि प्रत्येकाखाली चाकांची छोटी फळी सरकवली. मग चौघांनी मला हलक्या हाताने ढकलत दारापर्यंत आणले. तिथे मी अडले. वीतभर जागा कमी पडत होती.

"मडगार्ड कापू या," दादा म्हणाला. "नंतर जोडता येईल."

"भिंत फोड."

"अगं, परवाच रंगवलीय ती!"

"भिंत पुन्हा बांधता येईल. हा पत्रा आता कोण ठोकून देणार आहे? तू?"

दातओठ खात दादाने स्वतःच घण उचलला. प्रत्येक घावाला मला जो आनंद झाला, तो मी अजिबात लपवणार नाही.

मी उजेडात आले तसे आजूबाजूचे लोक जमले. दादा लगेच माझ्या बॉनेटवर हात टेकून फोटोसाठी उभा! "बाबांची गाडी आहे. काढलीच शेवटी आम्ही," तो सांगू लागला.

बहिणीने त्याच्या हातात फडके कोंबले. "फोटो राहू दे. आधी पूस तिला."

तो बसला, माझे पुढचे एक चाक पुसले आणि शाबासकीसाठी वर बघू लागला.

मित्रांनो, मला चार चाके आहेत.