मूळ आडनाव

आयर्लंडमधल्या पोर्टलीशमध्ये नवीन मराठी कुटुंब आलं की आठवड्याच्या आत त्याला अश्लेषाकडे धाडायचं, असा तिथल्या मंडळाचा रिवाजच पडला होता. एका पगारात घर कसं चालवावं हे अश्लेषाने सांगावं आणि नव्या मुलींनी मोबाइलमध्ये टिपून घ्यावं. हीटिंग सकाळ-संध्याकाळ एकेक तास, बाकी वेळ स्वेटर. सुपरमार्केटात सातनंतर जायचं, तेव्हा स्वस्ताईच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागतात. इथल्या ताकाची कढी उत्तम होते, दही विरजत बसू नये. तिचा नवरा विवेक लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात रोज गाडीने जाऊन-येऊन होता. भाडं आणि पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता गेला की त्याच्या पगारात फारसं काही उरत नसे. काटकसर ही अश्लेषाची गरज होती, पण खरं सांगायचं तर मिरवायची गोष्टही होती. दुसऱ्या बायका पैठणी मिरवतात, ही शिळ्या भाताचे वडे मिरवायची.

गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक गेली सात वर्षं तिच्याकडे होता. आसपासच्या गावांतली माणसं धरून शंभर पानं, हॉलचं टीचभर स्वयंपाकघर, आणि तरी कधी काही कमी पडलं नाही की वाया गेलं नाही. त्या एका दिवशी सगळं गाव तिला नावाने ओळखायचं.

मग फेब्रुवारीत अक्षया आली. नवरा तन्मय एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, ती स्वतः अजून नोकरी शोधणारी. रीतीप्रमाणे तिला अश्लेषाकडे पाठवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आभार मानले, आणि महिन्याभरात गुरूलाच मागे टाकलं. शेजारच्या आयरिश आजींच्या परसात रुबार्बचं रान माजलेलं असतं, लोक ते फुकट वाटतात. अक्षयाने त्याचे आंबट देठ आमसुलाच्या जागी आमटीत घातले आणि बाकीचे चिरून फ्रीजरमध्ये टाकले. फ्लॉवरची पानं अश्लेषा टाकून द्यायची, अक्षयाने त्यांचा झुणका केला. मंडळाच्या ग्रुपवर आता तिच्याच पाककृती फिरू लागल्या. आठ वर्षं आपण इथे राहतो आणि शेजारचं रुबार्ब आपल्याला दिसलं नाही, हे अश्लेषाच्या मनाला फार लागलं.

कळस म्हणजे घरात मैत्रेयी. नऊ वर्षांची तिची लेक पानावर बसून शांतपणे म्हणाली, "अक्षया आँटीज आमटी इज वे नाइसर, आई."

"मग तिच्याकडेच जा राहायला," अश्लेषा खेकसली. विवेकने लगेच आणखी आमटी वाढून घेतली. शहाणा माणूस.

ऑगस्टमध्ये संकेतच्या घरी मंडळाची बैठक झाली. संकेत मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याची आई सरलाकाकू कराडहून सहा महिन्यांसाठी आलेली. हॉलचं भाडं वाढलं होतं, तेव्हा जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवायचा होता. अक्षयाने कागदावर सगळा बेत मांडला: काय, किती, कुठून. खर्च कमी आणि वर एक पदार्थ जास्त. "ग्रँड! मग यंदा अक्षयाच बघेल किचन," संकेत म्हणाला. "अश्लेषाताई, तुम्ही जरा आराम करा."

आराम! अश्लेषा हसली, टाळ्याही वाजवल्या. परतताना तिला रडू कोसळायचंच बाकी होतं. गणपती तिच्याकडून काढून घेतल्यासारखं तिला वाटत होतं, तेही अशा मुलीने, जिला पिवळ्या चिठ्ठ्या तिनेच दाखवल्या होत्या.

दोन दिवसांनी ती अक्षयाकडे चहाला गेली. मदत विचारायला, असं तिने स्वतःला सांगितलं. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, आणि तिने अगदी सहज विचारलं, "तुमचं आडनाव गावावरून लावलेलं दिसतंय. मूळ काय गं?"

अक्षयाने सांगितलं. न अडखळता, कप विसळता विसळता.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. वाचकाने मनात एखादं धरलंच असेल, आणि ते कसं धरलं याचा त्यानेच विचार करावा.

अश्लेषा जुन्या वळणाची नव्हती. तिने विज्ञान शाखेची पदवी घेतली होती, जात मानणाऱ्यांना ती मागास म्हणायची. पण घरी येताच तिने संकेतला फोन लावला.

"मला स्वतःला काही नाही हं संकेत. मी असलं मानतच नाही. पण नैवेद्याचं आहे. तुझ्या आईसारखी मोठी माणसं येतात. उद्या कुणी काही बोललं तर बिचाऱ्या अक्षयालाच वाईट वाटेल. म्हणून आपलं कानावर घातलं."

संकेत म्हणाला, "हो, हा अँगल लक्षातच नाही आला. बरं झालं सांगितलंत. तुम्हीच घ्या ना यंदा."

तिचा जीव भांड्यात पडला. मत्सराची गंमत अशी, की तो नेहमी दुसऱ्याची काळजी करत येतो.

संध्याकाळी अक्षयाला मेसेज गेला: किचन अश्लेषाताई बघतील, तुम्ही खुर्च्या आणि कागदी प्लेट्स बघाल का? दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षया अश्लेषाच्या दारात उभी होती. हातात तोच बेताचा कागद.

"तांदळाचं प्रमाण यात आहे. शंभर पानांना पुरेल."

"अगं, मला वाटलं तुला एकटीला फार होईल..."

"ताई, आडनाव मला फक्त तुम्हीच विचारलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "माझी आजी लग्नाच्या पंगतीत बाहेर बसायची. आई शाळेत स्वयंपाकाला होती, तिच्या हातचं खायला नको म्हणून लोकांनी मुलं घरी ठेवली. मी इथे येताना तन्मयला म्हटलं होतं, आता संपलं. तुम्हाला स्वयंपाकघर हवं होतं ना? मागितलं असतंत तर दिलं असतं."

कागद देऊन ती निघून गेली. अश्लेषाला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तरीही, लाज वाटत असतानाही, तिने तो कागद वाचला. प्रमाण अचूक होतं. त्याचाही तिला हेवा वाटला.

गणपतीच्या दिवशी हॉल भरला. मसालेभात, भाजी, कढी, मोदक. सगळं जमून आलं. "अश्लेषाताई, तुमच्या हाताला तोड नाही," लोक वासावरूनच म्हणत होते. जे ऐकायला ती तडफडली होती तेच ऐकत होती आणि एकेक शब्द तिला खुपत होता. मांडलेल्या खुर्च्यांत अक्षयाचं घर नव्हतं.

पानं वाढायच्या आधी सरलाकाकूंनीच विचारलं, "ती रुबार्बवाली पोरगी कुटं हाय? आली न्हाई व्हय?"

"बिझी असेल, आई," संकेत घाईने म्हणाला.

अश्लेषाने पळी खाली ठेवली. "बिझी नाही काकू. हा स्वयंपाक तिचा होता. मी तिचं आडनाव संकेतला सांगितलं आणि तिच्याकडून काढून घेतला. मला तिचं पुढे जाणं सहन झालं नाही. मी जळले."

विवेक खाली बघत होता. संकेत लाल झाला. "ताई, आत्ता हे कशाला? आई, तसं काही नाही. तुझ्यासारख्यांना चालणार नाही म्हणून आम्ही..."

"मला कुनी इचारलं?" सरलाकाकू उठून उभ्या राहिल्या. "माझं नाव कशापायी फुडं केलंस? मी काय म्हनले व्हते तुला? पाप तुमचं, आन् म्हाताऱ्यांच्या पदराआड लपवताय व्हय रं?"

त्या हॉलमधली सगळी माणसं शिकलेली होती. कुणीच स्वतः जात मानत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी तरी मानत होता.

जेवणं कशीबशी उरकली. अश्लेषा जेवली नाही. हॉलमधून ती तशीच अक्षयाकडे गेली.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही. पण पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मी देवाचा स्वयंपाक करणार नाही," अक्षया म्हणाली. "माझ्या हातचं देवाला चालतं की नाही, यावर तुमची चर्चा झाली. त्या रांगेत मी पुन्हा उभी राहत नाही. माणसांचा करते. येत्या रविवारी दुपारी एक वाजता सगळं मंडळ माझ्या घरी जेवायला. जो येईल तो येईल."

निमंत्रण ग्रुपवर गेलं. मंडळात तिचं सोडून चौदा घरं. रविवारी विवेक आणि मैत्रेयीला घेऊन अश्लेषा पोचली, तेव्हा सरलाकाकू आधीच येऊन बसल्या होत्या. संकेत त्यांच्या शेजारी, मान खाली घालून. मागून आणखी दोन घरं आली. दोन वाजले, पण बेल पुन्हा वाजली नाही. तन्मयने उरलेली ताटं कपाटात परत ठेवली. कुणाची मुलं आजारी होती, कुणाची शिफ्ट होती, कुणाला लिमरिकला जायचं होतं. त्यातलं एकही कारण खोटं म्हणता येत नव्हतं.

आमटी खरोखर अश्लेषाच्या आमटीपेक्षा चांगली होती. पहिल्या घासाला तिला पुन्हा हेवा वाटलाच. मत्सर काही एका कबुलीने जात नाही. तिने वाटी पुढे केली आणि आणखी मागितली.

जेवणं झाल्यावर ती अक्षयाबरोबर भांडी पुसायला उभी राहिली. पातेलं निम्मं भरलेलंच होतं.

"दहा घरं आली नाहीत," अक्षया म्हणाली.

"पुढच्या रविवारी माझ्याकडे. दोघी मिळून करू. त्याच दहांना बोलावू."

"आणि नाही आले तर?"

"त्याच्या पुढच्या रविवारी."

"असं किती दिवस?"

अश्लेषाने हातातलं ताट पुसून ठेवलं.

"त्यांची कारणं संपेपर्यंत."