उत्तरपूजेआधी उठलेली आपुलकीची पेटी

मी पेटी बोलतेय, पेडण्याजवळच्या एका हायस्कुलातली. ‘आपुलकीची पेटी’ हे माझं बारशाचं नाव, वर्गशिक्षिका पद्मावतीबाईंनी ठेवलेलं. जन्म मात्र अगदी साधा. शाळेची बाकं दुरुस्त करायला आलेल्या महादेव मेस्तानं उरलेल्या फणसाच्या फळ्या ठोकल्या, वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली, आणि झाले मी.

बाईंचा नियम सोपा होता. आठवड्यात कुणाचं काही चांगलं दिसलं की चिठ्ठीवर लिहायचं. वर त्याचं नाव घालायचं, आपलं घालायचं नाही. शनिवारी बाई ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायच्या. पोरं आधी हसली, मग हळूच लिहू लागली. माणसांचं हे एक मला अजून उमगत नाही. भांडण चारचौघांत करतात आणि कौतुक मात्र लपूनछपून.

नववीतली चंद्रावती एकही आठवडा चुकली नाही. तिचे वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली, ते कामासाठी दूर गेले, आणि ही पोर बोलायचीच थांबली. पण लिहायची, तेही बहुतेक वर्गातल्या सुलोचनासाठी. सुलोचना वाचताना अडखळायची, वर्ग हसायचा. ‘तू अडखळलीस पण थांबली नाहीस, मला आवडलं,’ असं चंद्रावतीनं तिला लिहिलं होतं. चंद्रावतीच्या नावाची चिठ्ठी मात्र माझ्या पोटात कधीच पडली नाही. मला ते ठाऊक होतं, आणि सांगायला तोंड होतं ते नुसत्या फटीचं.

त्या वर्षी सरस्वतीपूजनाला पुस्तकांबरोबर मलाही पाटावर बसवलं. हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. आरतीनंतर चंद्रावतीनं नमस्कार करायच्या निमित्तानं वाकून चिठ्ठी टाकली. ‘सोमवारपासून मी येणार नाही. आईबरोबर काजूच्या कारखान्यात जाईन. कुणाला कळणारही नाही.’

आणि उत्तरपूजा होती सोमवारी. तोवर पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा देवपण मिळालं आणि मला ते नकोसं झालं.

शिपाई सगुणनं तिला पाहिलं होतं. तो बाईंकडे गेला. “बाई, ता चेडू, चंद्रावती, पेटीत चिठी घालताना रडत होता.”

हेडमास्तर यशवंतसर घुटमळले. “पूजेतली पेटी, उत्तरपूजेआधी कशी उघडणार?”

“सरस्वती रागावची नाय, सर,” सगुण म्हणाला. “चेडवाक कायतरी झाला तर मातर ती रागावतली.”

सरांनी हात जोडले, मला स्वतः उचललं आणि उघडलं. चिठ्ठी वाचताना बाईंनी अक्षर ओळखलं, सुलोचनाला येणाऱ्या चिठ्ठ्यांतलंच. प्रसाद घेत असलेल्या सुलोचनाला त्यांनी हाक मारली, तिला सगळं सांगितलं, आणि तिघी स्कूटरवरून चंद्रावतीच्या घरी, चोपड्याला निघालो. मी सुलोचनाच्या मांडीवर होते, माळेसकट.

चंद्रावती दारातच थबकली. बाई म्हणाल्या, “चूक माझी, बाय. कुणाला चिठ्ठी आली ते मी पाहिलं. कुणाला आली नाही, ते पाहिलंच नाही.”

 मग सुलोचनानं कंपासपेटी उघडली. आत घडी घातलेल्या अकरा चिठ्ठ्या होत्या, एकाच अक्षरातल्या.

“हे... हे तूच लिवलंस मगे?”

चंद्रावतीनं मान हलवली.

“मी तुका जूनपासून शोधतंय,” सुलोचना म्हणाली, आणि या वाक्यात ती एकदाही अडखळली नाही. दोघी उंबऱ्यावरच रडायला बसल्या. बाईही रडल्या. मला रडता येत नाही, एवढंच.

सोमवारी चंद्रावती शाळेत आली. आता ती अकरावीत आहे. माझी बिजागरी ढिली झालीय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. मी फार दिवस पुरणार नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तुमच्याकडे पेटी नसली तरी चालेल. फक्त जी पोर सगळ्यांचं चांगलं टिपत असते, तिच्याकडे एकदा तुम्ही होऊन बघा. ती मागायची नाही.