मनगटावरचे अकरा दोरे

मी एक कीबोर्ड बोलतोय. खरं तर ‘मी’ म्हणावं की ‘आम्ही’, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही, कारण माझे दोन तुकडे आहेत. एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा, मध्ये हातभर वायर. वायर एकच आहे म्हणून ‘मी’ म्हणतो. चुकत असेन तर सांभाळून घ्या.

माझा जन्म प्लोवदिव शहरात, कापाना नावाच्या जुन्या पेठेतल्या एका घड्याळवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. यावोर नावाच्या तरुणाने माझी एकेक कळ स्वतःच्या हाताने बसवली. बोटांची लांबी सारखी नसते, म्हणून माझ्या कळांच्या रांगाही सरळ नाहीत. तळहात टेकायला अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या आहेत. मला मांडलं की दोन्ही तुकडे मध्याकडून थोडे उचललेले दिसतात, उघडून पालथ्या घातलेल्या पुस्तकासारखे. मी देखणा आहे असं मी म्हणणार नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाने मला दोन दिवसांत परत आणून टाकलं. त्याची बोटं जुन्या सवयीने जात आणि दर चौथं अक्षर चुके. मग मी फळीवर पडून राहिलो. येणारेजाणारे हसत. एकाने विचारलं, नवराबायकोचा काडीमोड झाला तर अर्धा-अर्धा वाटून घ्यायची सोय केलीय का? यावोरही हसला. मला मात्र आतून वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट असणार.

मग एका फेब्रुवारीत रुमेना आली.

रुमेना साठीला आलेली बाई. गावोगावच्या बोली जपणाऱ्या एका छोट्या संग्रहालयात ती टाइप करायची. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी रोदोपी डोंगरातल्या म्हाताऱ्यांपुढे यंत्र ठेवून त्यांचं बोलणं टेपांवर भरून घेतलं होतं. लग्नं, चीज, अस्वलं, जावांची भांडणं. त्या म्हाताऱ्या आता नाहीत आणि टेपाही विरत चालल्यात. कानाला यंत्र लावून रुमेना दिवसाचे आठ तास ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायची. तिची आई त्याच डोंगरातली, त्यामुळे ती बोली तिला उपजत कळे.

पण हात साथ देईनात. मनगटापासून कोपरापर्यंत ठणका. डॉक्टरांनी सांगितलं, कीबोर्ड तरी बदला, नाहीतर काम सोडा. टेपा उरल्या होत्या चोपन्न, आणि मुदत मेअखेरपर्यंत. त्यानंतर उरलेलं काम आपोआप लिहिणाऱ्या संगणकाकडे जाणार होतं. त्या संगणकाची परीक्षा एकदा झाली होती. एक आजी आपली मेंढी हरवल्याचं सांगत होती. संगणकाने लिहिलं की तिचा नवरा हरवला आणि संध्याकाळी गळ्यात घंटा बांधलेला, ओढ्याकाठी चरताना सापडला. संग्रहालयाचा प्रमुख ग्रोझदान याने तो कागद भिंतीवर लावून ठेवला होता. रुमेना मात्र त्यावर कधी हसली नाही.

यावोरने तिला घाईने काही विकलं नाही. कागदावर तिचे पंजे ठेवून पेन्सिलने आखले, शिंप्यासारखी फीत घेऊन खांदे मोजले. मग तीन कीबोर्ड पुढे ठेवले. पहिला एकसंध, मध्येच फुगलेला. त्यावर तिचे खांदे आखडले. दुसऱ्याच्या कळा इतक्या मऊ, की कणीक तिंबल्यासारखं वाटतंय म्हणाली. तिसरा उंच होता. शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवलं, “आणि तो मोडका?”

“मोडका नाही, मावशी. तो तसाच आहे.”

त्याने माझे तुकडे तिच्या खांद्यांइतक्या अंतरावर ठेवले. तिचे हात माझ्यावर उतरले आणि तिने असा श्वास सोडला, की जणू दिवसभराचे घट्ट बूट काढले असावेत. महिना-दीड महिना वापरा, मार्चअखेरीला सांगा, असं यावोर म्हणाला. इकडच्या रीतीने मान आडवी हलवून तिने हो म्हटलं.

पहिला आठवडा चुकांचा. दुसऱ्यात बोटं वळली. ठणका उतरला, आणि दुपारी चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खाताना तुकडे तोडायला तिला ग्रोझदानची मदत लागेनाशी झाली. आठवड्याला पाच टेपा होऊ लागल्या. मी इतका आनंदात होतो की मला त्याचीच भीती वाटायची.

एक मार्च उजाडला. त्या दिवशी इकडे सगळे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, मार्तेनित्सा. वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत तो काढायचा नाही, आणि दिसला की झाडालाच बांधून टाकायचा. रुमेनावर लोकांचा जीव. संध्याकाळपर्यंत डाव्या मनगटावर पाच दोरे झाले, उजव्यावर सहा. कुणात लाकडी मणी, कुणात लोकरीचे गोंडे, एकात चक्क पितळी घुंगरू.

आठवड्याभरात ठणका परत आला.

कारण मला दिसत होतं. निदान आता मी तसं म्हणतो. तेव्हा खरंच समजलं होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. मणी तळहाताखाली रुतत, म्हणून ती मनगटं माझ्या पट्ट्यांवर टेकवेना. गोंडे कळांत अडकू नयेत म्हणून हात हवेत, मनगटात मागे वाकवून धरी. तब्येतीसाठी बांधलेले दोरेच तिला पिळत होते. आणि मला बोलता कुठे येतं? जे माझ्यावर दाबलं जातं तेवढंच मी पुढे पाठवतो.

तिचं मात्र म्हणणं पडलं की माझं कौतुक नव्याचं होतं, ते संपलं. शिवाय मार्चमध्ये तिचे हात दरवर्षीच जास्त दुखत. थंडीमुळे, असं ती म्हणे. त्या वर्षी थंडी हटतच नव्हती. एकही झाड फुलेना. ग्रोझदानने तिला कॅलेंडरवरचा करकोचा दाखवला आणि म्हणाला, घ्या, सुटलात. ती म्हणाली, “कागदावरचा करकोचा बघून माझी आई नाही फसली, मी काय फसते?” आठवड्याच्या टेपा पाचावरून दोनावर आल्या.

मार्चच्या शेवटच्या दिवशी तिने मला कापडी पिशवीत घातलं. वाटेत ती पिशवीशीच बोलल्यासारखं पुटपुटली, “तुझा दोष नाही रे. हातच संपले माझे.” ग्रोझदानला ती सांगून आली होती की उरलेल्या एकोणतीस टेपा संगणकाला देऊन टाका. पिशवीच्या अंधारात मी स्वतःला पुन्हा फळीवर पाहिलं.

यावोरच्या खोलीमागे जरा मोकळी जागा आहे. तिथल्या भिंतीला लागून असलेलं अलुबुखाराचं झाड त्या सकाळी पांढरंशुभ्र फुललेलं होतं. रुमेना थबकली. पिशवी पायरीवर ठेवून तिने एकेक दोरा सोडला आणि ज्याने दिला त्याचं नाव घेत फांदीला बांधला. घुंगरू वाऱ्यावर वाजू लागलं. मग ती आत आली, झालं ते सांगितलं, माफी मागितली.

यावोर खट्टू झाला, पण एवढंच म्हणाला, की एकदा टाइप करून दाखवा, चूक कुठे झाली ते मला कळू दे.

ती बसली. हात उतरले. मनगटं अक्रोडावर सपाट टेकली. तिने चार ओळी लिहिल्या, मग अर्धं पान, मग दुसरं पान. मग थांबून ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मनगटांवर दोऱ्यांचे गुलाबी वळ अजून होते.

“दुखतंय कुठे, मावशी?”

“तेच शोधतेय.”

यावोरने वळांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. “झाडाला किती बांधलेत?”

“अकरा.”

त्याने मोजायची फीत उचलून तिच्यापुढे ठेवली. “मी खांदे मोजले, बोटं मोजली, आणि मनगटं मात्र फेब्रुवारीत, दोरे नसताना मोजली.”

मग रुमेना हसली. इतकी, की पुढच्या दुकानातला घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच बघायला आला. हसता हसताच तिने ग्रोझदानला फोन लावला आणि सांगितलं, “त्या टेपांना हात लावलास तर बघ. तुझ्या संगणकाला म्हणावं, चरायला जा.”

मे महिन्याच्या सव्वीस तारखेला शेवटची टेप लागली. शेवटी एक आजी रेकॉर्ड करणाऱ्या मुलीला विचारत होती, “सगळं लिहिलंस का गं पोरी?” रुमेनाने तेवढंही टाइप केलं. मग कानावरचं यंत्र काढून ती म्हणाली, “लिहिलं, आजी.”

त्याला सात वर्षं झाली. माझ्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत. रुमेनाला ती लागत नाहीत. दर मार्चला तिला मिळालेले दोरे ती मनगटाऐवजी माझ्या दोन तुकड्यांमधल्या वायरीला बांधते, आणि झाडं फुलली की सोडून घेऊन जाते. ग्रोझदान म्हणतो, असं चालत नाही. ती म्हणते, मला चालतं.

माझं एकच मागणं आहे, तेही भीतभीत. माझ्यासारख्याला निवडायला याल तेव्हा नुसतं बघून जाऊ नका. हात घेऊन या, महिनाभर ठेवा. आणि त्या हातांवर प्रेमाने कुणी काही बांधलं असेल, तर तेही बांधूनच या.